माणसं ठेवा, मोठे व्हा? आधी आमचं बिल द्या!

परवा एका कार्यक्रमात पाहुण्यांनी पोरांना सांगितलं, "एकटा काम करणारा माणूस धंदा करत नसतो, तो स्वतःकडेच नोकरी करत असतो." टाळ्या पडल्या. मी मागे बसलो होतो, टाळी वाजवली नाही. का ते लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण धंदेवाल्यांनी पूर्ण वाचा.

मी वाळूजला सीएनसी मशीनची इलेक्ट्रिकल दुरुस्ती करतो. एकटाच. 11 वर्षं झाली. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला छोटी वर्कशॉप उभी राहिली. त्या वर्कशॉपच्या जिवावर माझ्यासारखे कितीतरी लोक जगतात. कुणी मोटार रिवाइंडिंग करतं, कुणी कॉम्प्रेसर बघतं, कुणी जीएसटी भरून देतं. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक झालं, टोयोटाचा करार 2024 मध्ये झाला, म्हणून जो तो सांगतो, "हीच वेळ आहे, वाढा."

वाढलो ना! दोन पोरं ठेवली, गिऱ्हाइकं 18 वरून 40 वर नेली. रात्री 11 ला फोन आला तरी, "निघालोच साहेब." एका रात्री दोन वाजता वाळूजहून सिडकोला परत येताना गोलवाडीजवळ गाडीवरच डोळा लागला. डिव्हायडरला धडकलो. हात मोडला, जीव वाचला.

दवाखान्यात बायकोने एकच विचारलं, "लोकांकडून किती येणं बाकी आहे?" डायरी काढली. 3 लाख 40 हजार. निम्म्याहून जास्त बिलं 90 दिवसांच्या पुढची.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी जास्त कमावण्यासाठी पळत नव्हतो. जुनं बिल येत नाही आणि 7 तारखेला पोरांचा पगार द्यायचाय, म्हणून नवीन कॉल घेत होतो. त्याचंही बिल अडकायचं, की अजून एक कॉल. याला मी वाढ म्हणत होतो! ही तर दुसऱ्याच्या धंद्याला मी दिलेली बिनव्याजी उधारी होती, आणि तिचं व्याज माझी झोप भरत होती.

यावर सरकारचं उत्तर काय? कर्ज घ्या. 2024 च्या बजेटमध्ये मुद्राची मर्यादा 10 वरून 20 लाख केली, जुनं तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी. मशीन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण आपलेच पैसे लोकांकडे अडकलेत म्हणून कर्ज काढणं म्हणजे देणेकऱ्याने थकवायचं आणि हप्ता आपण भरायचा.

हात बरा झाल्यावर मी उलटं केलं. दोन्ही पोरांना ओळखीने कामाला लावून दिलं. उशिरा पैसे देणारी गिऱ्हाइकं सोडली, 40 ची 16 केली. त्यातल्या 10 जणांशी वर्षाचा मेंटेनन्स करार केला, तीन महिन्यांचे पैसे आधी. रात्रीच्या कॉलला दुप्पट दर लावला. गंमत म्हणजे रात्रीचे निम्मे 'अर्जंट' कॉल सकाळपर्यंत थांबायला लागले! आजारी पडलो तर काय, हा प्रश्न होताच. म्हणून माझ्यासारख्याच दोन एकट्या मेकॅनिकशी ठरवलं की एकमेकांच्या सुट्टीत एकमेकांची गिऱ्हाइकं सांभाळायची, पळवायची नाहीत. पहिले चार महिने ओढाताण झाली, खोटं बोलणार नाही. आज हातात पूर्वीपेक्षा जास्त उरतं आणि रविवारी मी घरी असतो.

म्हणजे कुणी माणसं ठेवूच नयेत का? तसं नाही. ज्याला कंपनी उभी करायचीय त्याने करावी, शहराला रोजगार हवाच आहे. पण पगार वेळेवर निघेल इतकी वसुली आधी बसवा, मग माणूस ठेवा. आणि ज्याला एकट्यानेच नीट काम करायचंय, त्याला अपयशी ठरवू नका.

आता मुद्द्याचं. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लिहिलंय की लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी करा, फुकट असते. मग ऑनलाइन तक्रारही करता येते. पण एकटा माणूस करतो का? नाही करत. तक्रार केली की त्या गेटमधून पुन्हा बोलावणं येत नाही, आणि चार ठिकाणी नाव खराब होतं ते वेगळंच.

म्हणून ही लढाई एकेकट्याने होणार नाही. सीएमआयए आणि मसिआ या आपल्याच संघटना आहेत. त्यांनी सभासदांना जाहीर सांगावं की एकट्या सर्व्हिसवाल्याचं बिल 45 दिवसांत गेलंच पाहिजे. जे देतात त्यांची यादी लावा. न देणाऱ्यांची लावायची गरजच पडणार नाही, लोकांना आपोआप कळेल.

आणि पुढच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी "मोठे व्हा" म्हणण्याआधी समोरच्यांना हात वर करायला सांगावं, कुणाकुणाचं बिल 90 दिवसांपासून अडकलंय? मी मागच्या खुर्चीतून मोजायला तयार आहे.

तुमचं किती अडकलंय? कंपनीचं नाव नको, फक्त दिवस लिहा.