जुगाराचे शहर आणि पेडण्याची जमीन

लास वेगासमधील ‘मिराज’ हॉटेल १७ जुलै २०२४ रोजी कायमचे बंद झाले. शेवटच्या आठवड्यात तिथल्या स्लॉट यंत्रांपुढे रांगा लागल्या होत्या, कारण नेवाडा राज्याच्या नियमांनुसार यंत्रांमध्ये साठलेली सुमारे १६ लाख डॉलरची बक्षिसे खेळणाऱ्यांना दिल्याशिवाय मालकांना टाळे लावता येत नव्हते. तीन हजारांहून अधिक कामगारांची नोकरी त्या दिवशी संपली. त्या जागी आता गिटारच्या आकाराचा मनोरा उभा राहतो आहे. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरच्या पहाटे १९५७ सालचे ‘ट्रॉपिकाना’ही स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आले; तिथे ३३ हजार प्रेक्षकांचे बेसबॉल मैदान होणार आहे. कॅसिनो पाडून मैदान बांधावे असे त्या शहरालाच वाटू लागले, याचा अर्थ गोव्याने समजून घेतला पाहिजे. मांडवी नदीतले कॅसिनो पेडणे तालुक्यातल्या जमिनीवर नेण्याची आणि त्यांना ‘एकात्मिक रिसॉर्ट’ म्हणण्याची तयारी तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. जुगाराभोवती महाल बांधला की जुगार सौम्य होतो आणि गावाची भरभराट होते, हे या तयारीमागचे गृहीतक आहे. ते चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘मिराज’ १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये उघडले तेव्हा त्यावर सुमारे ६३ कोटी डॉलर खर्च झाले होते. त्याचे निर्माते स्टीव्ह विन यांनी हा पैसा त्या काळी ‘जंक बाँड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चढ्या व्याजाच्या रोख्यांतून उभा केला होता. दारात ज्वालामुखी, आत पांढरे वाघ आणि डॉल्फिन, तीन हजारांवर खोल्या. त्याआधीच्या वेगासचा हिशेब सरळ होता: खोली स्वस्त, जेवण स्वस्त, नाचगाणे जवळजवळ फुकट, आणि हा सगळा तोटा जुगाराच्या टेबलावर भरून काढायचा. विन यांनी तो उलटा केला. हॉटेल पाहायला येणाऱ्याने हॉटेलसाठीच पैसे मोजावेत, असा त्यांचा डाव होता, आणि तो जमला. पुढच्या दहा वर्षांत लक्सर, बेलाजिओ, व्हेनिशियन, पॅरिस अशी एकाहून एक भव्य हॉटेले त्याच रस्त्यावर उभी राहिली. १९८० च्या दशकात तिथल्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगारातून येई. आज ते एक तृतीयांशाहूनही कमी आहे. उरलेला पैसा खोल्या, खानावळी, गाण्याचे कार्यक्रम, अधिवेशने आणि आता खेळांचे सामने यांतून येतो.

यावरून जुगाराची धार बोथट झाली, असा निष्कर्ष काढला जातो. टेबलापाशी उभे राहिले की चित्र वेगळे दिसते. ब्लॅकजॅकच्या खेळात पहिल्या दोन पानांतच एकवीस आले, तर दहा डॉलरच्या डावावर पूर्वी पंधरा डॉलर मिळत. आता वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर बाराच मिळतात. हा फरक खेळणाऱ्याला एका डावात कळत नाही, पण रात्रभर बसणाऱ्याचा खिसा त्यामुळे पुष्कळ लवकर रिकामा होतो. मोठी रक्कम लावणाऱ्याला जुना दर मिळतो आणि पन्नास-शंभर डॉलर घेऊन आलेल्याला नवा. म्हणजे दिव्यांचा झगमगाट वाढत असतानाच गरीब खेळाडूची बाजी आणखी पडती झाली. त्याच्यावर खोलीच्या भाड्याखेरीज ‘रिसॉर्ट शुल्क’ बसले, गाडी उभी करण्याचे पैसे सुरू झाले, पोटभर जेवणाचे स्वस्त बुफे एकामागून एक बंद झाले.

हे का झाले, याचे उत्तर मालकीत सापडते. २०१९ मध्ये बेलाजिओची जमीन आणि इमारत ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीच्या निधीने ४२५ कोटी डॉलरना घेतली आणि तीच वास्तू एमजीएम कंपनीला वर्षाला २४.५ कोटी डॉलर भाड्याने परत दिली. सीझर्स पॅलेस, एमजीएम ग्रँड, मँडले बे, व्हेनिशियन यांची जागा आज व्हिची प्रॉपर्टीज या एकाच कंपनीकडे आहे. बंद झालेल्या ‘मिराज’ची जमीनही तिचीच. हॉटेल चालवणारा आता भाडेकरू आहे. पाहुणे येवोत न येवोत, त्याला भाडे चुकवावेच लागते, आणि ते शेवटी पाहुण्याकडूनच वसूल होते. २०२५ मध्ये वेगासला येणाऱ्यांची संख्या ४ कोटींच्या खाली आली. कॅनडातून येणाऱ्यांनी पाठ फिरवली हे त्याचे एक कारण, पण ‘आता परवडत नाही’ ही सामान्य अमेरिकी माणसाची तक्रारही तितकीच खरी आहे.

या शहरातली मनापासून वाखाणण्यासारखी गोष्ट मात्र ज्वालामुखीत किंवा कारंज्यांत नाही. ती आहे खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, थाळ्या वाढणाऱ्या माणसांच्या संघटनेत. कलिनरी युनियनचे सुमारे ६० हजार सदस्य आहेत आणि त्यांत स्थलांतरित स्त्रियांची संख्या मोठी आहे. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ‘फ्रंटियर’ हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला आणि तो सहा वर्षे चार महिने चालवला. एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही, आणि अखेर हॉटेल विकले जाऊन नव्या मालकाने करार केला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वन शर्यतीच्या तोंडावर याच संघटनेने तीन बड्या कंपन्यांकडून पाच वर्षांचा वेतनकरार मिळवला. त्यात पगारवाढीबरोबर रोज खोली साफ करण्याची हमी होती, कारण दोन दिवसांची घाण एका दिवसात काढायला लावणे म्हणजे बाईच्या पाठीचा कणा मोडणे, हे संघटनेने सातत्याने मांडले होते. २०२५ पर्यंत मुख्य रस्त्यावरचे प्रत्येक मोठे कॅसिनो हॉटेल करारात आले. ‘मिराज’च्या कामगारांना हॉटेल बंद होताना सुमारे ८ कोटी डॉलरची भरपाई मिळाली, ती मालकाच्या दयेने मिळाली नाही. रिसॉर्टमुळे रोजगार येतो, असे सांगणाऱ्यांनी रोजगार कशाच्या बळावर जगण्याजोगा होतो, हेही सांगायला हवे.

आशियात हाच आराखडा निराळ्या रीतीने आला. मकाऊने २००२ मध्ये जुगारावरचा एकाधिकार मोडला आणि २००६ पर्यंत जुगाराच्या उत्पन्नात वेगासला मागे टाकले. तिथे आजही उत्पन्नाचा कणा जुगारच आहे. म्हणून २०२३ पासूनच्या नव्या परवान्यांत सरकारने सहा कंपन्यांकडून जुगाराबाहेरच्या गुंतवणुकीची सक्तीची हमी घेतली. सिंगापूरचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, त्यामुळे त्याकडे थोडे थांबून पाहू. २०१० मध्ये उघडलेल्या मरीना बे सँड्समध्ये कॅसिनोच्या वाट्याला एकूण बांधकामाच्या जेमतेम तीन टक्के जागा येते. तरीही उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्याच तीन टक्क्यांतून निघतो. तळी, बागा, दुकाने, संग्रहालय हे सगळे त्या एका दालनाच्या आधारावर उभे आहे. सिंगापूरने हे कधी लपवले नाही. पहिले दालन उघडण्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्येच, जुगाराच्या व्यसनावर काम करणारी राष्ट्रीय परिषद आणि २००८ मध्ये स्वतंत्र नियामक संस्था स्थापन झाली. स्वतःच्या नागरिकाला आत जायला चोवीस तासांसाठी दीडशे सिंगापुरी डॉलर मोजावे लागतात, आणि नवऱ्याचे किंवा मुलाचे घर बुडवणे थांबवण्यासाठी कुटुंबाला त्याच्या प्रवेशबंदीचा अर्ज करता येतो. पहारेकरी आधी नेमला आणि तिजोरी नंतर उघडली, हा सिंगापूरचा खरा धडा आहे.

गोव्यात क्रम नेमका उलटा राहिला. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा दिली गेली, १९९६ मध्ये नौकांवर टेबलांनाही. मांडवीत जहाजे नांगरली, पणजीच्या बांदोडकर मार्गावर तिकीटघरे थाटली. विरोधात असताना कॅसिनो हटवू म्हणणारे सत्तेत आल्यावर मुदतवाढ देत राहिले. यात कोणताही मोठा पक्ष अपवाद नाही. गोमंतकीयांना आत जाण्यास बंदी अमलात आली ती २०२० च्या फेब्रुवारीत. त्यासाठी जे गेमिंग आयुक्तपद निर्माण केले, त्याची जबाबदारी व्यापारी कर आयुक्तांकडेच दिली गेली. जुगारातून महसूल किती आला, हे ज्या कार्यालयाच्या यशाचे माप, त्याच कार्यालयाने जुगाराला लगाम घालायचा, ही व्यवस्था मुळातच सदोष आहे. तिथे बसलेला अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी हा दोष जात नाही.

आता पेडणे. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आसपासच्या जमिनीचा भाव बदलला. जवळच्या धारगळ येथे डेल्टा कॉर्प कंपनीचा एकात्मिक रिसॉर्ट प्रस्तावित आहे. त्यासाठी तीन लाखांहून अधिक चौरस मीटर जमीन तिळारी पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातून वगळली गेली, आणि गावकरी संतापले. हा संताप समजून घ्यायचा तर सीमेपलीकडे पाहावे लागेल. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. त्याच्या धरणासाठी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील गावे उठली, माणसांनी घरे, बागायती, देवळे सोडली, आणि पुनर्वसनासाठी नंतर वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यांनी सोडले ते शेतांना पाणी मिळावे म्हणून. त्याच पाण्यासाठी राखलेली जमीन तरणतलावांच्या आणि जुगाराच्या दालनांच्या हवाली करण्याचा अधिकार एका सरकारी अधिसूचनेला आहे काय?

लास वेगास वाळवंटात आहे, तिथे शेती हटवावी लागली नाही. तरीही नेवाडाने २०२१ मध्ये कायदा करून केवळ शोभेसाठी लावलेले गवत काढायला लावले आणि हॉटेलांतले जवळजवळ सगळे सांडपाणी शुद्ध करून मीड सरोवरात परत सोडण्याची व्यवस्था जपली. पेडण्यात उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात. तिथे शेकडो खोल्यांचे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे परवान्याआधी लेखी कळले पाहिजे.

हा प्रश्न गोव्यापुरता नाही. मांडवीतल्या जहाजांवर जाणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-सांगलीचे लोक मोठ्या संख्येने असतात. गोव्याने स्वतःच्या माणसांना दार बंद केले, महाराष्ट्रातल्या माणसांना नाही. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. तो निर्णय योग्य होता, पण तो सीमेपाशी थांबतो. व्यसनात सापडलेल्याचे कर्ज आणि त्याच्या घरची ओढाताण इथेच राहते. उपचार आणि समुपदेशनाची सोय महाराष्ट्रानेच करायला हवी.

कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. या उत्पन्नावर विसंबण्याची सवय राज्याला लागण्याआधी गोवा विधानसभेने करखात्यापासून वेगळा, स्वतंत्र नियामक कायद्याने स्थापन करावा, कुटुंबाला प्रवेशबंदी मागण्याचा हक्क द्यावा आणि तो परराज्यातील कुटुंबांनाही असावा. धारगळच्या ग्रामसभेचे म्हणणे परवान्याच्या निर्णयात बंधनकारक ठरावे. आणि तिळारीच्या लाभक्षेत्रातील जमीन वगळण्याचा विषय महाराष्ट्राने प्रकल्पाच्या आंतरराज्य नियंत्रण मंडळात औपचारिकपणे मांडावा. दोडामार्गच्या धरणग्रस्तांच्या वतीने तो मांडणारे दुसरे कोणी नाही.