'गंजत नाही', पण कशात?

व्हायवात 'स्टेनलेस स्टील का गंजत नाही?' असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, 'सर, क्रोमियम ऑक्साइडचा थर!' झाले मार्क. पण 'कुठल्या वायूत?' हा पुढचा प्रश्न सहसा येतच नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कोळशापासून गॅस बनवणारा गॅसिफायर घ्या. आतल्या तापलेल्या वायूत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड मात्र असतो. तिथे क्रोमियमच्या थराचा भरवसा उरत नाही. गंधक आत शिरतं आणि आयर्न सल्फाइडचा थर भराभर वाढू लागतो, कारण त्याच्या स्फटिकात रिकाम्या जागा पुष्कळ असतात आणि लोखंडाचे आयन त्यातून सहज सरकतात. स्टीलमध्ये निकेल असेल तर आणखीच पंचाईत! निकेल आणि त्याच्या सल्फाइडचं मिश्रण सुमारे ६४० अंश सेल्सियसलाच वितळतं.

याउलट लोखंडात वजनाने साधारण १४ ते १६ टक्के अ‍ॅल्युमिनियम घातलं की आयर्न अ‍ॅल्युमिनाइड मिळतं. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ एवढी, की वाफेतला ऑक्सिजनसुद्धा ओढून घेऊन ते अ‍ॅल्युमिनाचा पातळ, घट्ट थर तयार करतं. गंधकाला त्यातून वाट सापडणं कठीण. अमेरिकेत विल्सनव्हिलच्या गॅसिफिकेशन केंद्रात गरम वायू गाळायला याच धातूचे फिल्टर वापरले गेले.

मग हा धातू सगळीकडे का नाही? एक तर साधारण ६०० अंशांच्या वर त्याची ताकद घटते. दुसरं म्हणजे साध्या तापमानाला तो ठिसूळ असतो. ठिसूळपणा त्याच्या स्वभावातच आहे असं पूर्वी मानत. १९८९च्या सुमारास ओक रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मुख्य दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. पाण्याच्या वाफेशी अ‍ॅल्युमिनियमची क्रिया होते आणि सुटलेला हायड्रोजन धातूत शिरून तडे वाढवतो. म्हणजे भट्टीत राखण करणारं अ‍ॅल्युमिनियम बाहेर आल्यावर घात करतं. उत्तर पुन्हा तेच, आजूबाजूला वायू कोणता आहे ते बघा.

हे सगळं परदेशातलं असं समजू नका. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास करणारे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी याच आयर्न अ‍ॅल्युमिनाइडमधल्या हायड्रोजनच्या त्रासावरही काम केलं होतं. आता तर २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं गॅसिफिकेशन करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर झाली. आपल्या बहुतेक कोळशात गंधक कमी असतं हे खरं, पण अगदीच नसतं असं नाही. त्या प्लांटचे पाइप निवडायला उद्या आपल्यातलंच कुणीतरी बसणार आहे.

म्हणून एक साधी मागणी. हायड्रोजन सल्फाइड विषारी, तो लॅबमध्ये नको. पण साध्या भट्टीत, हवेत, दोन-तीन धातूंचे तुकडे तापवून दर काही तासांनी वजन करायचं आणि वाढत्या वजनाचा ग्राफ काढायचा, एवढं प्रॅक्टिकल तरी ठेवा. निदान ग्राफच्या डोक्यावर 'हवेत' असा शब्द लिहायची सवय आम्हाला लागेल.