प्लॉट घेताय? आधी मोजणी!

बोदवडकडच्या मंडळींनो, कपाशीचे चार पैसे हाती आले, की मुलांच्या शिक्षणासाठी जळगावला पिंप्राळ्याकडे नाहीतर भुसावळला प्लॉट घ्यावा, असे घरात बोलणे निघतेच. घ्या, जरूर घ्या. पण शेताचा बांध वीतभर सरकला तर भांडणारे आपण, दलालाने ठोकलेल्या खुंट्या मात्र मुकाट्याने मान्य करतो! गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातला दोन हात पट्टा शेजाऱ्याचा निघाला, तर जिना गेलाच समजा.

खरेदीखत नोंदवले म्हणजे हद्द ठरली असे नाही. दुय्यम निबंधक जागेवर येऊन मोजत नाही. ते काम भूमी अभिलेख खात्याचे. पूर्वीच्या साखळीऐवजी आता उपग्रहाच्या आधाराने चालणारे रोव्हर यंत्र आले आहे. मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्याने करायचा असतो. म्हणून विसार देण्याआधी विकणाऱ्यालाच तो करायला लावा. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती घेऊन खुणा स्वतः पाहा. रेखांकन मंजूर आहे का, हे जळगावला महापालिकेत, भुसावळला नगरपालिकेत विचारा.

जागा पाहायला घरातल्या बाईलाही न्या. मोरीचे पाणी कुठे जाणार, हे तिला आधी दिसते. आणि विकणारा मोजणीला नाही म्हणाला, तर विसाराची रक्कम खिशातच ठेवून परतीची गाडी धरा.