घरपट्टीचं बिल वाचता का?

घरपट्टी वाढली की मंगळवेढ्यात नगरपालिकेच्या नावानं शिमगा ठरलेला. पण बिल वाचतं कोण? त्यातला शिक्षण कर नगरपालिकेचा नव्हेच. १९६२ च्या कायद्यानुसार तो राज्य सरकारचा. घरपट्टीची मूळ रीत १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातली: घराला वर्षाकाठी किती भाडं येईल याचा अंदाज, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरलेल्यावर कर. कॅनडात मिसिसागाला असणारा भाचा म्हणतो, तिकडे घराच्या बाजारभावावर कर बसतो. बाजारभाव निदान चार लोकांना ठाऊक तरी असतो! आमच्या गल्लीतल्या माळवदाच्या घरांना भाडेकरू शोधून सापडायचा नाही. मग भाडं ठरवलं कशावरून? हरकत मुदतीत, लेखी द्यावी लागते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं ती कशाच्या आधारे लिहावी? भाड्याचा आकडा कसा काढला, हे नोटिशीवरच छापलं पाहिजे. तोवर अर्ज लिहून द्यायला मी आहेच, दुपारी चारनंतर या.