नुसते 'केमिकल' म्हणू नका, नाव विचारून या

"डॉक्टर, केमिकलचा वास लागला. डोके गरगरतेय." महाड औद्योगिक वसाहतीतून येणारे रुग्ण बहुतेक वेळा एवढेच सांगतात. कोणते केमिकल, असे विचारले की उत्तर मिळते, "पाण्यासारखे दिसते, थिनरसारखा वास येतो." या वर्णनात बसणारे कितीतरी द्रव आहेत आणि त्यांचे शरीरावरचे परिणाम सारखे नाहीत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या द्रवाजवळ माणूस आठ तास उभा असतो, त्याचे नाव त्याला माहीत असलेच पाहिजे.

उदाहरणादाखल टोल्युइन घेऊ. कार्बन आणि हायड्रोजनपासून बनलेला हा रंगहीन द्रव रंग, शाई, गोंद आणि औषधांच्या कारखान्यांत विद्रावक म्हणून वापरतात. पाण्यात न विरघळणारे कितीतरी पदार्थ तो सहज विरघळवतो. पण तो आपल्या त्वचेवरचे तेलही तसेच काढून टाकतो. त्यामुळे हाताला लागलेला रंग थिनरने धुण्याची सवय असलेल्यांचे हात कोरडे पडतात, भेगाळतात.

टोल्युइनची वाफ श्वासातून रक्तात आणि तिथून मेंदूत जाते. सुरुवातीला दारू चढल्यासारखे वाटते. डोके दुखते, मळमळते, तोल जातो. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर स्मरणशक्ती आणि ऐकण्याची क्षमता कमी होऊ शकते. यंत्रांचा मोठा आवाज जोडीला असेल तर कानांचे नुकसान अधिक होते.

आता तसेच दिसणारे दोन द्रव पाहा. बेंझिन हाडांच्या मगजावर म्हणजे रक्त तयार होते तिथेच घाव घालते. त्यातून रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. हेक्झेन हातापायांच्या नसा बिघडवते. आधी मुंग्या येतात, मग पायातली ताकद जाते. काम सोडल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो. म्हणजे एका रुग्णाचे रक्त तपासायला हवे, दुसऱ्याच्या नसा. नाव कळले नाही तर मी अंधारात तीर मारतो आणि रुग्ण 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक पीत राहतो.

आगीचा धोका वेगळाच. 3 नोव्हेंबर 2023 रोजी आपल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. इथल्या घराघरात ती आठवण ताजी आहे. टोल्युइनच्या बाबतीत सांगायचे तर साधारण 4 अंश सेल्सिअसलाही त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघते. महाडच्या थंडीतही पारा एवढा उतरत नाही. ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, जमिनीलगत सरकत दूर जाते. हवेत ती सव्वा टक्क्याच्या आसपास झाली की एक ठिणगी पुरते. ड्रममधून द्रव ओतताना तयार होणारी स्थिर वीजही ती ठिणगी देऊ शकते. म्हणून ड्रमला अर्थिंगची तार जोडायची असते.

"ठेकेदाराचा माणूस, शिक्षण कमी, त्याला नाव सांगून काय उपयोग?" असे काही सुपरवायझर म्हणतात. मला हे पटत नाही. हाच माणूस आपल्या साखरेच्या गोळीचे नाव बरोबर सांगतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, ती धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना मिळावी यासाठीच. ही माहिती इंग्रजी कागदावर, ऑफिसच्या कपाटात असून चालणार नाही. ड्रमवर मराठीत आणि हिंदीत नाव हवे, कारण परप्रांतातून आलेले कामगारही तोच ड्रम हाताळतात.

तुम्ही स्वतः एवढे करा:

- ड्रमवरच्या लेबलचा फोटो सुपरवायझरकडून मागून घ्या आणि दवाखान्यात येताना दाखवा.
- वास येईनासा झाला म्हणजे वाफ संपली असे समजू नका. नाकाला सवय होते.
- रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी योग्य कार्ट्रिजचा मास्क लागतो. बंद टाकीत तोही पुरत नाही, बाहेरून हवा पुरवावी लागते.
- कारखान्यातले विद्रावक पाण्याच्या बाटलीत भरून घरी नेऊ नका. लहान मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका. द्रव फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बाटलीसकट लगेच रुग्णालय गाठा.
- वासाने कोणी बेशुद्ध पडला तर तयारीशिवाय आत धावू नका. वाचवायला गेलेलाही पडतो.

पुढच्या शिफ्टला जाल तेव्हा ड्रमसमोर उभे राहून एकदा विचारा, "यात काय आहे?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही. तुमच्या तपासणीची सुरुवात तिथूनच होते.