किक मारायची जीप

आमच्या धारवाडच्या सुभाष रोडवर नवी कोरी जीप दिसली, की पोरं थबकतात. मला मात्र सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची जीप आठवते. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून घरीच चारचाकी उभी केली. खर्च सुमारे ६० हजार. रूप जीपचं, पण सुरू करायची फटफटीसारखी किक मारून!

असे वेगवेगळ्या घरचे भाग एकत्र नांदवणं म्हणजे पत्रिका जुळवण्याहून अवघड. हवेवर थंड होणारं दुचाकीचं इंजिन बॉनेटखाली कोंडलं, की तापतं. मागची दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर वळणावर पंचाईत. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून टायर घासतात. तिथे डिफरन्शियल लागतं.

डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी या गाडीचं कौतुक करून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळालीही. मात्र नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितलं होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर नोंदणीकृत गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावरही बंधन घालतं. नियम हवेतच, ब्रेक लागला नाही तर कौतुक काय कामाचं? पण अशी घरची गाडी तपासून, चुका दाखवून, निदान शेताच्या वाटेपुरती चालण्याजोगी करून देणारी सोय आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये करायला काय हरकत आहे?