विश्लेषण : खुराक पुरेसा, तरी गाय दूध का चोरते? गोठ्यातील उष्णता आणि वागणुकीचा उत्पादनाशी संबंध काय?

दुधाचा दर ठरवणे शेतकऱ्याच्या हातात नाही आणि पेंडीचा दरही नाही. त्यामुळे आहे त्या गायीपासून आहे त्या खुराकात किती दूध मिळते, यावरच धंद्याचा नफा-तोटा ठरतो. चांगली संकरित गाय आणूनही दूध अपेक्षेएवढे मिळत नसेल, तर कारण नेहमी गव्हाणीतच असते असे नाही. ते गोठ्याच्या छपरात, पाण्याच्या हौदात किंवा धार काढणाऱ्याच्या हातातही असू शकते.

पान्हा चोरणे म्हणजे नेमके काय?

कास धुतली, सडांना हात लागला की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते. त्यामुळे कासेतील दुधाच्या पिशव्या आकुंचन पावतात आणि दूध सडांत उतरते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो, म्हणून पाच ते सात मिनिटांत धार पूर्ण करण्याचा सल्ला दिला जातो. याच वेळी काठीचा फटका बसला, आरडाओरडा झाला किंवा कुत्रे अंगावर आले, तर शरीरात अॅड्रेनालिन वाढते आणि पान्हा अडतो. म्हणजे दूध तयार असते, पण उतरत नाही. असे वारंवार झाले तर कासेत दूध तयार होण्याचा वेगही मंदावतो.

अभ्यास काय सांगतात?

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रास देणारी व्यक्ती धारेच्या वेळी जवळ उभी असताना कासेत मागे राहणारे दूध ७० टक्क्यांनी जास्त आढळले. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ मध्ये ५१६ दूध उत्पादकांची पाहणी प्रसिद्ध केली. गायींना नावाने हाक मारणाऱ्यांकडे प्रत्येक गायीमागे वर्षाला २५८ लिटर दूध जास्त होते. अर्थात नावामुळे दूध वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. नाव ठेवणारा मालक प्रत्येक गायीकडे वेगळे लक्ष देतो, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे कपिला, चंद्री ही नावे नवी नाहीत. जनावरे वाढली की ती मागे पडतात.

ऊन किती झाले की जास्त?

केवळ तापमान पाहून चालत नाही, हवेतील आर्द्रताही मोजावी लागते. त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक (टीएचआय) वापरतात. तो ७२ च्या वर गेला की दुभत्या गायीवर ताण सुरू होतो, असे मानले जाते. ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असताना हा निर्देशांक सुमारे ८३ येतो. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेलाही तो तेवढाच येतो. म्हणजेच पावसाळ्यातील दमट दिवस गायीला उन्हाळ्याइतकाच जड जाऊ शकतो.

होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) गायीचे मूळ थंड हवेच्या युरोपात. शिवाय पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते ती वेगळीच. उकाड्यात गाय कमी खाते, कमी रवंथ करते आणि बसण्याऐवजी उभी राहते. दूध घटते आणि फॅटही कमी लागते. राज्यात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे फटका दुहेरी बसतो. गाय वेळेवर गाभण राहत नाही, हे नुकसान आणखी मोठे.

मग इंजेक्शनचा मार्ग का नको?

पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचे प्रकार घडतात. दूध वाढवण्यासाठी असे इंजेक्शन देणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. केंद्राने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना हे औषध देशांतर्गत वापरासाठी बनवण्यास मनाई केली होती. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ते गरजेचे असल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. मात्र त्यामुळे गोठ्यातील गैरवापर कायदेशीर ठरत नाही.

कमी खर्चात काय करता येईल?

- पत्र्यावर पाचट टाका किंवा पांढरा रंग द्या. बाजू मोकळ्या ठेवा.
- पाणी दिवसभर समोर हवे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.
- उन्हाळ्यात चाऱ्याचा मोठा वाटा पहाटे आणि संध्याकाळी द्या.
- फवारे लावले तर पंखाही लावा. नुसत्या फवाऱ्याने गोठा आणखी दमट होतो.
- जागा असेल तर मुक्त संचार गोठा करा. जागा नसेल तर दुपारी गाय झाडाच्या सावलीला बांधा.
- धारेची वेळ आणि शक्यतो माणूस बदलू नका.

गायीवर ताण आहे का, हे घरीही तपासता येते. ती शांत उभी असताना मोबाइलवर एक मिनिट लावा आणि बरगड्यांजवळची हालचाल मोजा. श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असतील, तर पेंडीचे नवे पोते आणण्याआधी सावलीची आणि पाण्याची सोय पाहा.